पांगाऱ्याचे डोळे

व्हिडिओ एक मिनिट बारा सेकंदांचा होता. जव्हारच्या स्टँडवर उभ्या असलेल्या मोखाडा गाडीत, खिडकीशी बसून योगितानं तो पहिल्यांदा पाहिला आणि गाडी हलायच्या आत आणखी दोनदा. बोहाड्याची, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवाची, शेवटची सकाळ. कोवळं ऊन, पायांनी उडवलेली धूळ, संबळाचा ठेका, माणसांच्या दोन रांगा, आणि त्या रांगांमधून नाचत येणारी त्राटिका. अंगावर लाल लुगडं, तोंडावर पांगाऱ्याच्या लाकडाचं सोंग, बाहेर आलेले सुळे, चुन्यानं रंगवलेले गोल डोळे. तीन पावलं पुढं, दोन मागं, मग अशी एक गिरकी, की लुगड्याचा घेर ताटलीसारखा फिरावा. खाली मजकूर होता : 'मॅडम, सोंगाच्या आत लहान्या हाय. सरकार याला लंगडा म्हणून पेन्शन देतंय. बगा कसा लंगडतो.' पाठवणारा सावळा, लहान्याच्याच पाड्यावरचा. कचेरीत निराधार योजनेच्या टेबलावर नऊ वर्षं बसलेल्या योगिताला हा लहान्या आठवला. बांधकामाच्या परांचीवरून पडलेला, डावा पाय वाळलेला, दाखल्यावर पासष्ट टक्के. दर वर्षी हयातीच्या दाखल्याला कुबडी टेकत येणारा आणि कुबडी भिंतीला लावताना भिंतीची माफी मागितल्यासारखं हसणारा. ते हसणं तिला पहिल्यापासून जरा जास्तच वाटलं होतं. आता गाडी घाट उतरू लागली, आणि तांदूळ निवडताना खडा बोटाला लागला की बोटाला जे समाधान होतं, ते तिला झालं. सापडला.

हे समाधान कुठून येतं, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. आधी संशय फक्त कागदावर असायचा. आधारवरची जन्मतारीख सगळ्यांची एक जानेवारीच कशी, एकाच गावातल्या सहा जणांना एकाच दिवशी एकाच डॉक्टरचा दाखला कसा. मग तो कागदावरून बोटांत उतरला, बोटांतून डोळ्यांत गेला. आता बाजारात करवंदांचा दोना घेताना ती वरची चार करवंदं बाजूला सारून खालची बघायची. नवरा दिपेश एकदा म्हणाला होता, "अगं, मी घरी आलो की तू माझ्याकडं असं बघतेस की मलाच वाटतं, मी खरंच मी आहे ना? दाखला आणू का?" ती हसली होती. पण त्या हसण्यातही तिनं बघून घेतलं होतं, की आज हा एवढा गोड का बोलतोय. आणि करिष्मा. तिचं नाव मनात आलं की योगिता खिडकीबाहेर बघायला लागायची. बहिरी म्हणून अर्ज केलेली मुलगी, वीस-बावीसची, टेबलाकडं पाठ करून बाकावर बसलेली. योगितानं कपाटातला रजिस्टरांचा गठ्ठा मुद्दाम तिच्या मागं खाली टाकला होता. मुलगी दचकून वळली. 'ऐकू येते', योगितानं लिहिलं. अर्ज नामंजूर. त्या दिवशी ती घरी गुणगुणत गेली होती. पुढं कितीतरी दिवसांनी, एका दुपारी कुणीतरी तिजोरीचं दार धाडकन लावलं आणि तिच्या तळपायांना फरशीतून थरथर कळली. तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच राहिला. मुलगी आवाजानं वळली होती की फरशीनं? करिष्मा पुन्हा आली नाही. आली असती तर विचारता आलं असतं. पण बहिरीला विचारायचं कसं?

लहान्याला तिनं बुधवारी बोलावलं. तो आला, सोबत बायको पुतळी. पुतळी आत आलीच नाही, दाराच्या चौकटीला टेकून उकिडवी बसली, पदर कपाळापर्यंत. पन्नाशीची, काटक, पायांना भेगा. योगितानं फोन टेबलावर उभा केला. लहान्या बघत राहिला. संबळ वाजायला लागला तसा त्याच्या धडधाकट पायाचा अंगठा ठेक्यावर हलला. तो अंगठाही तिनं टिपून ठेवला.

"हे सोंग कुणाचं, लहान्या?"

"आमच्या घरचं, बाय. माझ्या बापाचा बाप नाचला, बाप नाचला."

"आणि यंदा? यंदा कोण नाचलं?"

लहान्यानं दाराकडं पाहिलं नाही. पण न पाहण्यासाठी माणूस जी मान ताठ धरतो, ती त्यानं धरली. "मीच नाचलू."

"तू? या पायानं?"

"सोंग माझ्या घरचं. मंग दुसरा कोन नाचल? मीच नाचलू."

"बघ हं. मी लिहिते आहे."

"लिवा ना. खोटं थोडंच हाय."

तिनं लिहिलं : 'सदर चित्रफितीत मी स्वतः नाचत असल्याचे कबूल करतो.' भरभर वाचून दाखवलं. शाईच्या पॅडवर त्याचा अंगठा धरला तेव्हा तो अंगठा अजिबात थरथरला नाही, आणि एवढंच तिला खटकलं. पेन्शन जाणार हे कळत असताना माणूस रडतो, पाया पडतो, आमदाराचं नाव घेतो. हा तर एखाद्या लग्नाच्या यादीवर नाव घातल्यासारखा बसला होता. दारातून पुतळी म्हणाली, "झालं का, बाय? तुमच्या कागदावर आमच्या माणसाचा पाय बरा झाला. आता घरी जाताना पन तसाच चालू दे, म्हंजे जीपवाल्याला दोन शिटांचं भाडं नको." बाहेरचा शिपाई हसला. योगिता हसली नाही. दोघं गेली. खिडकीतून तिनं पाहिलं, तर लहान्या फाटकापर्यंत कुबडीवरच गेला, आणि फाटकाबाहेर गेल्यावरही कुबडीवरच. रस्त्याच्या वळणापर्यंत ती बघत राहिली. वळणाच्या पलीकडचं दिसत नव्हतं. पलीकडं जाऊन तो सरळ चालला असेल.

साहेबांनी जबाब वाचला आणि म्हणाले, "कबूलच केलंय, मग प्रश्न मिटला. फक्त एकदा घरी जाऊन पाहणी करून या. फाइलला लागतं." ते दोन दिवस ती गाडीत, टेबलावर, जेवणाच्या डब्याशी तोच व्हिडिओ बघत राहिली. कितव्यांदा तरी पाहताना तिच्या लक्षात आलं की आता आपण लहान्याला बघत नाही, सोंगाला बघतोय. पोशेऱ्याला तिच्या माहेरी माळ्यावर, नागलीच्या कणगीच्या मागं, फडक्यात गुंडाळलेलं तसंच एक सोंग असायचं. तिचा बाप नवसू ते काढायचा वर्षातून एकदाच. अंघोळ करून, उपाशी पोटी. घरात, दार लावून, तोंडाला बांधायचा आणि बांधूनच बाहेर पडायचा. नाच झाला की पुन्हा घरात, दार लावून उतरवायचा. मधल्या वेळात तो बाप नसायचा. पाड्यातली माणसं म्हणायची, 'नवसूचं घर आलं.' नवसू आला असं कुणी म्हणायचं नाही. आई जात्यावर नागली दळताना म्हणायची :

पांगाऱ्याचं लाकूड, त्याला फुटले गं डोळे
कोण बघतं आतून, नको पुसू माझ्या बाळे

आणि बाळानं पुसलंच होतं. नऊ वर्षांची होती ती. घरात कुणी नव्हतं. माळ्यावर चढून तिनं फडकं सोडलं आणि सोंग तोंडाशी नेलं. बाईमाणसानं त्याला हातसुद्धा लावायचा नसतो. आत काही नव्हतं. धुराचा आणि जुन्या घामाचा वास, दोन भोकांतून दिसणारे कौलाचे दोन कवडसे, आणि कुणीतरी कानाशी मोठमोठ्यानं श्वास घेत होतं. तिचाच श्वास होता तो, पण हे तिला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याच वैशाखात बाप मोहाच्या झाडावर मोहट्या पाडायला चढला आणि फांदीसकट खाली आला. कंबर गेली. पुढची सोळा वर्षं तो पडवीतल्या बाजेवर होता. दाखल्यासाठी तेव्हा ठाण्याला जावं लागे. दोन गाड्या बदलून, माणसाला पाठंगुळी घेऊन. काकानं एकदा नेलं. डॉक्टर रजेवर होता. दुसऱ्यांदा नेलं नाही. सोंग त्याच साली चुलतघरी गेलं, कारण नाचायला ज्या घरात पुरुष उभा राहत नाही, त्या घरचं सोंग पुढच्या घरी जातं. ते लोक सोंग न्यायला आले त्या सकाळी बापानं तोंड भिंतीकडं केलं होतं. त्याच्या पाठीची पन्हळ ती अजून हातानं काढून दाखवू शकली असती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. तिनं सगळ्यात आधी संशय घेतला होता तो स्वतःचा. बाकीचे सगळे त्यानंतरचे.

पाहणीला ती शुक्रवारी निघाली. खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढं पायी. वैशाखातलं ऊन, भाताची उघडी खाचरं, विहिरीच्या तळाशी वाटीएवढं पाणी आणि काठावर हंड्यांची रांग. खोडाळ्याच्या चहाच्या टपरीवर सावळा उभाच होता, जणू गाडीचा टाइम त्यानंच ठरवला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. "या मॅडम, या. म्हटलं, वाट चुकाल." वाटभर तो बोलत होता. "लहान्या माझ्या चुलत्याचा पोर. मना काय दुश्मनी नाय. पन सरकारला फसवायचं म्हंजे? मनाला लागतं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत त्याला, सोंग बांधताना?"

"बांधताना कोन बघल? दार लावून बांधत्यात. तुमी पन हितल्याच ना, तुमाला ठावं." मग आवाज मऊ करून म्हणाला, "मी तं म्हनतो, तोच नाचला आसंल तं पेन्शन बंद करा. आन तो नाचला नसंल, तं तसं लिवा. कागदावर लिवा, म्हंजे आमाला पाड्यावर दाखवता येल, की लहान्याच्या घरात नाचनारा पुरुष नाय. मंग सोंगाचं बगू आमी. पुढचं घर आमचंच हाय."

योगिता चालता चालता थांबली नाही, पण पावलं आखडली. म्हणजे असं होतं. कुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी धार. ती काहीही लिहिणार, त्यात लहान्याचं एक जाणार होतं, पेन्शन नाहीतर सोंग, आणि या शर्टाचं साधणार होतं. नऊ वर्षं ती ज्याला संशय म्हणत आली, तो तिच्या हातात होता असं तिला वाटत होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्या हातावर दुसऱ्याचा हात आहे. पण तेवढ्यानं लहान्या खरा ठरत नव्हता. चोराचा वैरी काही साव नसतो, हेही तिला ठाऊक होतं. पाड्याच्या तोंडाशी तिनं सावळ्याला सांगितलं, "तुम्ही इथंच थांबा. पाहणीला तक्रारदार चालत नाही." असा काही नियम नव्हता.

लहान्या पडवीत बसून बांबूच्या कामट्या काढत होता. तिनं सांगितलं तसा त्यानं धोतर वर घेतलं. पाय मांडीपासून बारीक होत होत पावलाशी लहान मुलाचा झाला होता. टाच आत वळलेली, कातडी चकचकीत. तो पाय त्याच्या शेजारी, त्याचा नसल्यासारखा, निजवून ठेवल्यासारखा पडला होता. "उचल," ती म्हणाली. त्यानं दोन्ही हातांनी उचलून दाखवला. "हातांनी नाही." त्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली, पाय जागचा हलला नाही. ती बघत होती. आणि आपण फुगलेल्या शिरेकडं बघतोय, हा नाटक तर करत नाही ना हे तपासतोय, हे तिला कळलं तेव्हा तिनं नजर शिरेवरून पुन्हा पायावर आणली. या पायानं तीन पावलं पुढं? दोन मागं? गिरकी?

"लहान्या, तू खोटं का बोललास?"

"खोटं नाय बोललू, बाय." तो खरोखरच दुखावला होता. "मी नाचलू नाय तं कोन नाचलं? माझं घर नाचलं म्हंजे मीच ना. माझा बाप तापानं पडला होता, तवा त्याचा साडू उभा ऱ्हायला. पन नाचला कोन? बापच. सगळा पाडा म्हनला, बापच. तुमच्यात काय निराळं म्हनत्यात?"

तुमच्यात. तिच्या पाड्यावर काय निराळं म्हणत? नवसूचं घर आलं. तिला हे ठाऊक होतं. बुधवारी टेबलामागं बसून तिनं त्याला विचारलं ते कचेरीचं होतं, आणि त्यानं उत्तर दिलं ते पाड्याचं. ती दोन्हीकडची होती, आणि तिनंच तो जबाब लिहिला होता.

पुतळी पाण्याचा तांब्या घेऊन आली. विहिरीवरून नुकतीच आली असावी. हातांवरून पाणी ओघळत होतं, कोपरापर्यंत मातीचा लेप धुतला गेला होता. तांब्या पुढं आला आणि योगितानं मनगट पाहिलं. हिरवं गोंदण. पाच ठिपके, त्यांच्यावर शिडीसारखी रेघ, शिडीची एक पायरी तुटलेली. व्हिडिओच्या अखेरच्या सेकंदांत, गिरकीत लुगडं सरकतं, हाताला फासलेली हळद घामानं उतरते आणि तिथं एक हिरवट डाग दिसतो. तो डाग तिनं वीस वेळा थांबवून पाहिला होता. सावली समजून सोडला होता. पाच ठिपके. तुटलेली पायरी.

तांब्या दोघींच्या हातात तसाच राहिला. पुतळीनं तिच्या नजरेचा माग काढला, स्वतःच्या मनगटावर आली, आणि मग सावकाश, घाई न करता, दुसऱ्या हातानं बांगड्या खाली ओढून घेतल्या. लहान्या कामट्या काढायला लागला होता. फार मन लावून.

"पी, बाय. गरम हाय, पन हेच हाय." मग ती समोर टेकली. "तू पोशेऱ्याच्या नवसूची पोर ना? नाकावरनं कळलं. कचेरीत बोलले नाय, तिथं तू मॅडम." योगितानं मान हलवली. "नवसूचं सोंग लय देखनं. गेलं ना दुसऱ्या घरी?"

"गेलं."

"मंग बाप जगला किती?"

"सोळा वर्षं."

"हां," पुतळी म्हणाली. "तेला जगनं म्हनत नाय." अंगणात कोंबडी माती उकरत होती. दूर पाड्याच्या तोंडाशी इस्त्रीचा पांढरा शर्ट आंब्याखाली दिसत होता. योगिताला सरळ विचारता आलं असतं. बाई, आत तू होतीस ना? नऊ वर्षं तिनं हेच केलं होतं. प्रश्न तिच्या जिभेवर आला, आणि त्याऐवजी तिथून दुसरंच काही निघालं, जे तिनं दिपेशला नाही, आईलाही नाही सांगितलं.

"मी घातलं होतं एकदा. लहानपणी. माळ्यावर, चोरून. त्याच वर्षी बाप पडला."

पुतळीनं तिच्याकडं पाहिलं. भ्याली नाही, कानावर हात ठेवले नाहीत. "मंग? आत काय दिसलं?"

"काही नाही. अंधार. आणि कुणीतरी श्वास घेत होतं."

पुतळी पदरानं मान पुसत राहिली. मग कोंबडीकडं बघत, जसं कुणी हवेबद्दल बोलावं तसं म्हणाली, "आत लय गरम व्हतं." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा बाप फांदी सडकी व्हती म्हनून पडला, पोरी. याचा पाय तं सोंगाच्या आधीच गेला. लाकूड काय करतंय? लाकूड बघतंय नुसतं."

परत जाताना सावळा आंब्याखालून उठला. "मंग मॅडम? काय लिवनार?"

"जे पाहिलं ते."

"तोच व्हता ना?" तो हसला. योगितानं त्याच्या खिशातल्या दोन पेनांकडं पाहिलं आणि मनात म्हणाली, याला माहीत नाही. याला फक्त संशय आहे. माझ्यासारखा.

सोमवारी तिनं टिपणी लिहिली. तीनदा फाडली, चौथ्यांदा ठेवली. 'लाभार्थ्याचा डावा पाय प्रत्यक्ष पाहिला. पूर्ण निकामी आहे. त्या पायावर उभे राहणे शक्य नाही. चित्रफितीतील व्यक्तीचा चेहरा मुखवट्यामुळे दिसत नाही. या भागात सोंग ज्या घरचे, ते घर नाचले असे म्हणतात, व घरधनी 'मी नाचलो' असे सांगतो. जबाब घेताना ही रीत मी विचारात घेतली नाही. चूक माझी आहे. सोंगाच्या आत कोण होते हे विचारण्याची येथे पद्धत नाही. म्हणून विचारले नाही.'

साहेबांनी चष्मा वर सारून शेवटची ओळ पुन्हा वाचली. "विचारले नाही? तुम्ही? अहो, तुम्ही तर मेलेल्याला विचाराल, कधी मेलास, पुरावा दाखव." साहेब हसायचे थांबले. "मग आत होतं कोण?"

"सोंग होतं, साहेब."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, वरची करवंदं बाजूला सारून खालची बघावीत तसं. "तुम्ही पोशेऱ्याच्या ना? तिकडं काही ओळखपाळख? नातंबितं?" तिला ही नजर ठाऊक होती. ती आतून ठाऊक होती. बाहेरून अंगावर आल्यावर ती अशी लागते, हे आज कळत होतं. लहान्या तिच्यासमोर बसला होता तेव्हा त्याच्या मानेवरून असंच काहीतरी मुंगीसारखं चाललं असेल. आणि तरी शाईच्या पॅडवर त्याचा अंगठा थरथरला नव्हता.

"नातं नाही."

"हे असं लिहिलंत तर खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल. लेखी. 'चूक माझी' खोडा हवं तर."

"राहू द्या."

साहेबांनी पेन उचललं, बराच वेळ कागदावर धरून ठेवलं आणि मग लिहिलं : 'लाभ सुरू ठेवावा. तक्रार दप्तरी दाखल. संबंधित लिपिकाचा खुलासा सात दिवसांत घ्यावा.' सही केली, फाइल तिच्याकडं सरकवली, आणि दुसरी फाइल उघडतानाही एकदा मान वर करून तिच्याकडं पाहिलंच.

टेबलाशी येऊन तिनं फोन काढला. त्राटिका पुन्हा आली. तीन पुढं, दोन मागं. शेवटच्या सेकंदांवर, गिरकीच्या आधी, तिनं अंगठा पडद्यावर ठेवला, बरोबर मनगटाच्या जागी, आणि संबळ थांबेपर्यंत तो उचलला नाही. मग व्हिडिओ पुसला. सावळ्याकडं तो असणारच. त्याला तो हिरवा डाग कधी दिसेल, पुढच्या चैत्रात की उद्याच, हे तिला माहीत नव्हतं. पण आता कोणी विचारलं, तर निदान तिच्या कागदावर उत्तर नव्हतं.

दुपार झाली होती, कचेरीत पंख्याचा तेवढा आवाज. ती उठून नामंजूर अर्जांच्या कपाटाशी गेली. वरच्या फळीवरचा, दोरीनं बांधलेला जुना गठ्ठा तिनं ओढला. करिष्माचा अर्ज त्यातच कुठंतरी होता, पत्ता असेल त्यावर, पाड्याचं नाव असेल. गठ्ठा जड होता. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, खाली वाकली, आणि आधी एक कोपरा, मग दुसरा, असा हळूहळू, फरशीला कळणार नाही इतका हळू, जमिनीवर टेकवला.